दुसऱ्या मोजणीसाठी

झाड वाढतंय की नाही, हे एकदा जाऊन कळत नाही. पहिल्या खेपेला घेर कळतो, उंचीचा अंदाज येतो, पानं-फुलं हाती लागली तर नावही कळतं. वाढ कळायला दुसऱ्यांदा जावं लागतं. दोन आकडे हवेत आणि त्यांच्यामध्ये बरीच वर्षं हवीत. आमच्या धंद्यातली गंमत अशी, की पैसे मिळतात ते पहिल्या आकड्यासाठी. नवा देश, नवं जंगल, अहवालाला रंगीत मुखपृष्ठ. त्याच झाडांना तीच पट्टी पुन्हा लावायला जायचंय म्हटलं, की समोरचा माणूस अर्ज चाळत विचारतो, "यात नवीन काय?" नवीन काहीच नाही साहेब, म्हणून तर जायचं.

माझी झाडं गयानात आहेत. गयाना म्हटलं की आपल्याकडे निम्मे लोक आफ्रिकेतल्या घानाकडे वळतात. हा देश दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. एका अंगाला व्हेनेझुएला, दुसऱ्या अंगाला सुरीनाम, खाली ब्राझील. क्षेत्रफळ सुमारे २,१५,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाहून थोडं जास्त. माणसं मात्र आठ लाखांच्या आसपास, एकट्या पिंपरी-चिंचवडच्या निम्मीसुद्धा नाहीत. त्यातलीही दहातली नऊ समुद्रालगतच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. मागे उरतं ते जंगल, देशाच्या ८५ टक्क्यांच्या घरात, आणि नैर्ऋत्येला रूपुनुनीचं गवताळ माळरान.

पहिल्यांदा निघाले तेव्हा घरात फक्त बाबांना नकाशा लागला नव्हता. "जॉर्जटाउन? बोर्डा मैदान! मार्च १९७१. सुनीलचं पहिलं शतक, ११६. दुसऱ्या डावात नाबाद ६४." पेपर खाली न ठेवता ते बोलत होते. पुढे सुनीलने मुलाचं नाव रोहन ठेवलं ते वेस्ट इंडीजचा फलंदाज रोहन कन्हाय याच्यावरून, आणि कन्हाय गयानाचाच, बर्बीसकडचा. बाबांच्या लेखी मी संशोधनाला नव्हे, तीर्थयात्रेला चालले होते. मावशीला सांगितलं की तिथे माझा एक हेक्टरचा प्लॉट आहे. तिने आधी विचारलं, एन.ए. झालाय का, आणि मग, भाव काय चाललाय. तेव्हा मी खूप हसले होते.

आमचा प्लॉट म्हणजे शंभर मीटर बाय शंभर मीटरचा चौकोन, दोरी आणि होकायंत्र घेऊन उभ्या जंगलात आखलेला. त्यातलं दहा सेंटिमीटरहून जाड प्रत्येक झाड जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजायचं, तिथे रंगाची रेघ मारायची, ॲल्युमिनियमच्या खिळ्याने नंबराचा बिल्ला ठोकायचा. खिळा पूर्ण आत घालायचा नाही. झाड जाड होत जातं तसा तो आत जातो, म्हणून दोन बोटं बाहेर सोडायचा. हे सगळं फार भाबडं दिसतं. उपग्रहांच्या काळात एखादी बाई झाडाला शिंप्याची पट्टी गुंडाळते आहे! पण उपग्रहाला वरचा हिरवा पिसारा दिसतो. खोड किती जाड आणि त्याचं लाकूड किती जड, हे जमिनीवरूनच बघावं लागतं, आणि उपग्रहाच्या चित्राचा अर्थ लावायलाही शेवटी कुणीतरी पट्टी लावलेली असावी लागते.

पहिल्या खेपेचं गयाना गरीब होतं. मे २०१५ मध्ये किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात लिझा नावाच्या विहिरीत तेल लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि २०२४ पर्यंत ते दिवसाला सहा लाख पिंपांच्या पुढे गेलं. दर माणशी रोज पाऊण पिंप! २०२२ या एका वर्षात देशाची अर्थव्यवस्था साठ टक्क्यांहून जास्त वाढली. माझ्या झाडांची वाढ मी मिलिमीटरमध्ये मोजते. त्याच नकाशावर हा दुसरा आकडा बघताना डोळे जरा चोळावे लागतात.

जॉर्जटाउन भरतीच्या पातळीच्या खाली वसलेलं शहर. डचांनी बांध घातले, कालवे खणले. ओहोटीला दारं उघडून पाणी समुद्रात सोडायचं आणि भरतीला ती बंद करायची, या दारांना तिथे कोकर म्हणतात. घरं लाकडाची, खांबांवर उभी, खाली झोपाळा बांधलेला. ते सगळं अजून आहे. पण मधूनमधून आता काचेच्या इमारती उगवल्या आहेत आणि रस्त्यावर वाहनांची जी रांग लागते ती बघून मला घरची आठवण आली. मी ज्या घरी खोली घेऊन राहायचे, तिथे वरचा मजला आता तेलाच्या कामावरच्या माणसांना दिलेला. भाडं अमेरिकी डॉलरमध्ये.

घरमालकीणबाई तशाच होत्या. अंगणात बांबूंवर रंगीत झेंड्या, हनुमानाच्या पूजेनंतर लावलेल्या. फिकट झाल्या की नव्या लागतात. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेले. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही पहिली दोन जहाजं ५ मे १८३८ रोजी पोचली आणि १९१७ पर्यंत सुमारे २,३९,००० माणसं अशी आणली गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, थोडी मद्रासकडची. बाईंना मी भारतातून आलेली म्हणजे सगळी भजनं येणारी वाटते. पहिल्या वेळी त्यांनी मला एक भोजपुरी गाणं म्हणायला लावलं होतं, मला येईना, तेव्हा त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "हिला काही शिकवलं नाही वाटतं." या वेळी त्यांनी परीक्षा घेतली नाही. थेट डाळपुरी आणि भोपळ्याची भाजी वाढली.

"मग, तेलाने काय बदललं?" मी विचारलं.

"टोमॅटोचा भाव," त्या म्हणाल्या. "आणि माझा धाकटा परत आला टोरंटोहून." २०२४ मध्ये सरकारने प्रत्येक प्रौढ नागरिकाला एक लाख गयानी डॉलर द्यायचं जाहीर केलं, म्हणजे आपले चाळीसेक हजार रुपये. त्यांनी त्यात फ्रीज बदलला. "टोमॅटो ठेवायला," असं म्हणून स्वतःच हसल्या.

जॉर्जटाउनहून दक्षिणेला, ब्राझीलच्या सीमेवरच्या लेथेमपर्यंत एकच रस्ता जातो. लिंडनपर्यंत डांबर. लिंडन बॉक्साइटचं गाव, डेमेरारा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आणि तांबड्या धुळीत माखलेलं. तिथून पुढे साडेचारशे किलोमीटर मातीचा रस्ता. मिनीबसमध्ये माणसं, तांदळाच्या गोण्या, कोंबडीची पिल्लं, छपरावर गाद्या आणि एखादा फ्रीज. पावसाळ्यात या रस्त्यावर ट्रक रुतले की दिवसच्या दिवस तिथेच, आणि मग ट्रकवाले चूल मांडतात.

या वेळी लिंडनपासून माबुरा हिलपर्यंतच्या टप्प्याचं डांबरीकरण सुरू झालेलं दिसलं. रोलर, खडी, पिवळी जाकिटं, बाजूला सरळ कापलेला जंगलाचा कडा. या रस्त्याबद्दल माझी पाठ आणि माझा पेशा यांचं एकमत नाही. ब्राझीलमधल्या रोंदोनिया राज्याचे उपग्रहफोटो मी विद्यार्थ्यांना दाखवत आले आहे. मधे एक सरळ रस्ता, मग त्याला फुटलेले काटकोनी फाटे, आणि मग फाट्यांच्या मधलं हिरवंही गायब. रस्ता आला की पुढचा क्रम ठरलेला असतो, असं मी वर्गात सांगते. पण मिनीबसमध्ये माझ्या शेजारी एक बाळंतीण होती. जॉर्जटाउनच्या इस्पितळातून गावी परतत होती. प्रत्येक खड्ड्याला ती बाळाचं डोकं तळव्याने धरायची आणि ओठ आवळायची. तिच्यासमोर तो फोटो काढून दाखवायची माझी छाती नव्हती. रस्ता हवा की नको, हे शहरात बसून ठरवणं सोपं आहे. मला विचारलंत तर हवा. पण त्याला फाटे फुटू द्यायचे की नाही, तिथे सरकारने कठोर व्हावं. व्हावं असं म्हणणं माझ्या हातात आहे, तेवढं म्हणते.

लिंडनच्या आसपासची माती हा या देशातला मला सगळ्यात आवडणारा धडा आहे. माती कसली, पांढरीशुभ्र वाळू. तिच्यातून वाहणाऱ्या ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. पानांचा अर्क त्यात उतरतो आणि वाळूत तो धरून ठेवणारं काहीच नसतं. आपण दख्खनच्या बेसाल्टवर वाढलेली माणसं. साडेसहा कोटी वर्षांचा हा खडक, त्याची काळी, कसदार, पाणी धरणारी जमीन. त्यामुळे घनदाट जंगल म्हणजे सुपीक माती, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गयानाच्या ढालीचे, म्हणजे या भागाखालच्या प्राचीन पायाचे, खडक सुमारे दोन अब्ज वर्षांचे. इतका काळ पाऊस त्यांना धुतोय. फॉस्फरस, कॅल्शियम, जे जे विरघळण्यासारखं होतं ते कधीच समुद्राला मिळालं. आणि अशा उपाशी जमिनीवर तीस-चाळीस मीटर उंचीची झाडं उभी आहेत! पान गळून कुजतं न कुजतं तोच बुरशीचे धागे आणि मुळं त्यातलं अन्न उचलून परत वर पाठवतात. मातीत शिल्लक काही राहत नाही, सगळी गंगाजळी झाडांच्या अंगातच. म्हणून इथलं जंगल तोडून शेती केली की दोन-चार पिकांत खेळ संपतो.

कुरुपुकारीला एसेक्विबो नदी आडवी येते. तिथे पूल नाही, तराफ्यावर गाडी चढवायची. दिवस मावळला की तराफा बंद. त्यामुळे मिनीबसचा ड्रायव्हर लिंडनपासून घड्याळाशी भांडत असतो. चौकीत पोलीस मोठ्या रजिस्टरमध्ये पासपोर्टचा नंबर हाताने लिहून घेतो. पाणी उतरलेलं असलं की इथल्या खडकांवर कोरलेल्या प्राचीन आकृत्या उघड्या पडतात. यंदा पाणी बरंच खाली होतं. पोलिसाच्या टेबलावर स्टिकर होतं, 'एसेक्विबो आमचंच'. पलीकडचा सगळा भाग, देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त, व्हेनेझुएला आपला म्हणतो. १८९९ च्या लवादाने आखलेली सीमा त्याला मान्य नाही आणि ३ डिसेंबर २०२३ रोजी त्याने त्यावर सार्वमतही घेतलं. पहिल्या खेपेला या वादाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. या वेळी तराफ्यावरच्या पोरानेही मला विचारलं, भारत कुणाच्या बाजूने आहे. समुद्रात तेल निघालं आणि जमिनीची चौकशी वाढली.

नदीपलीकडे इवोक्रामा. ३,७१,००० हेक्टर जंगल. १९८९ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल परिषदेत राष्ट्राध्यक्ष डेस्मंड हॉइट यांनी ते जगाला देऊ केलं. अभ्यासासाठी, आणि जंगल राखूनही त्यावर जगता येतं का हे बघण्यासाठी. १९९६ मध्ये त्याचा कायदा झाला. साधारण निम्मं जंगल हात न लावता ठेवायचं, निम्म्यात मोजूनमापून लाकूडतोड करायची. मोठेपणाची कल्पना, पण पैशाच्या बाबतीत कायम ओढाताण. माझा चौकोन या जंगलात आहे.

अंकल ठरल्याप्रमाणे फाट्यावर उभे होते. माकुशी या मूलनिवासी जमातीचे, दक्षिणेच्या गावातले. पहिल्या खेपेला त्यांनीच माझ्या झाडांना नावं दिली होती. सालीला कोयत्याने बारीक चीर, एक हुंगणं, नाव. मी वनस्पतीशास्त्राची पदवी घेऊन गेलेली, पण पानं चाळीस मीटरवर आणि फुलं वर्षातून पंधरा दिवस. पुस्तकातली सगळी ओळख तिथे निरुपयोगी. केस पिकले होते त्यांचे, चाल तीच. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तू मोजायला आलीस ना? चल, आधी तुलाच पट्टी लावू."

बिल्ले शोधणं हे खरं काम. काही झाडांनी बिल्ला अर्धा गिळलेला, साल दोन्ही बाजूंनी ओठांसारखी मिटलेली. एका बिल्ल्यामागे मुंग्यांनी घर केलेलं. तो नंबर वाचण्याची किंमत मी हातावर मोजली. काही बिल्ले खाली पडलेले. अशा वेळी जुन्या नकाशावरून शेजारची झाडं ओळखायची आणि हे कोण ते वजाबाकीने ठरवायचं. दुपारच्या वेळी जंगल गप्प असतं, फक्त पिहा नावाचा करड्या रंगाचा एक साधा पक्षी कानठळ्या बसवणारी शीळ घालत राहतो. एवढासा जीव आणि एवढा आवाज. आमच्या परिषदांमध्येही असे असतात.

चौकोनात सगळ्यात जास्त ग्रीनहार्ट. क्लोरोकार्डियम रोडिआय. मुख्यतः गयानातच सापडणारं हे झाड, इतकं जड की ताजा ओंडका पाण्यात बुडतो. समुद्रातल्या लाकूडपोखऱ्या किड्यांना ते पचत नाही म्हणून युरोपातल्या धक्क्यांना, बंदरांच्या दरवाजांना ते वापरलं गेलं. ध्रुवाकडे निघालेल्या नान्सेनच्या 'फ्राम' आणि शॅकल्टनच्या 'एन्ड्युरन्स' या जहाजांना बर्फाशी टक्कर द्यायला बाहेरून ग्रीनहार्टच्याच फळ्या मारल्या होत्या. 'एन्ड्युरन्स' १९१५ मध्ये बुडालं आणि मार्च २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळ ३,००८ मीटर खोलीवर सापडलं, चांगलं धड. ती बातमी आली तेव्हा सगळे शॅकल्टनबद्दल बोलत होते. मी स्क्रीन मोठी करून फळ्या बघत होते.

पहिल्या ग्रीनहार्टला पट्टी लावली. जुन्या रेघेवर, खोडाला काटकोनात, वेल बाजूला सारून. एवढ्या वर्षांत व्यासात एका पेराएवढी वाढ. वर्षाला दोनेक मिलिमीटर, आणि या झाडाच्या मानाने ही बरी म्हणायची. मी दिल्लीत नोकरी धरली, सोडली, बाबा गेले, देशांत सरकारं आली-गेली, समुद्रातून कोट्यवधी पिंपं निघाली. तेवढ्यात याने एवढंसं केलं होतं.

आणि काही झाडं चक्क बारीक झाली होती. हे ऐकून लोक हसतात, पण होतं तसं. कोरड्या हवेत खोडातलं पाणी कमी होतं आणि साल आत ओढली जाते. २०२३ आणि २०२४ ही ॲमेझॉनच्या भयंकर दुष्काळाची वर्षं. मानाउसला नीग्रो नदी नोंदींमधल्या सगळ्यात खालच्या पातळीवर गेली होती. माझ्या झाडांचं बारीक होणं त्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. साल झडलेली असते, पट्टी तिरकी बसते, आधीची मोजणी ओल्या महिन्यातली असते. दोन आकड्यांमधून वाढ निघते. तिचं कारण काढायला तिसरा लागतो, चौथा लागतो.

मेलेल्या झाडांचीही नोंद असते. उभ्याउभ्या मेलं, मधून मोडलं की मुळासकट उपटलं, प्रत्येकाला वेगळं अक्षर. चौकोनाच्या कोपऱ्यात आमचं सगळ्यात जाड झाड होतं, एक काबुकाली. ते मुळासकट गेलं होतं, जाताना चार-पाच जणांना घेऊन. त्या भगदाडातून ऊन थेट खाली येत होतं आणि तिथे सेक्रोपियाची पोरं हातभर पानं पसरून उभी होती; त्यांना तिथे काँगो पंप म्हणतात. एरवी एकेका मिलिमीटरसाठी झगडणाऱ्या या जंगलात यांची उंची वर्षाला मीटरने वाढते. फार जगत नाहीत, पण घाई बघण्यासारखी.

अंकल आडव्या खोडावर बसले. "याचे पैसे परत द्यावे लागतील का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कार्बन.

पहिल्या खेपेला आम्ही मोजत होतो ते झाडांबद्दलच्या कुतूहलापोटी, निदान माझ्यापुरतं तरी. खोडाचा व्यास, लाकडाची घनता, उंची यांवरून झाडाचं वजन निघतं. कोरड्या वजनात साधारण निम्मा कार्बन. त्याला ३.६७ ने गुणलं की तेवढा कार्बन डायऑक्साइड. २००९ मध्ये नॉर्वेने जंगल राखण्याबद्दल गयानाला २५ कोटी डॉलरपर्यंत द्यायचा करार केला. डिसेंबर २०२२ मध्ये देशाला राखलेल्या कार्बनची, विकता येणारी पहिली प्रमाणपत्रं मिळाली, जवळपास ३ कोटी ३५ लाख, कार्बन डायऑक्साइडच्या दर टनाला एक. अशा प्रमाणपत्रांची मोठी खरेदी हेस या अमेरिकी कंपनीने केली, २०३२ पर्यंत किमान ७५ कोटी डॉलरची. हेस तेलाची कंपनी, तेव्हा गयानाच्याच समुद्रातल्या तेलात भागीदार होती. नॉर्वेची श्रीमंतीही तेलाचीच. म्हणजे जंगल राखायला पैसे देणारे दोघेही तेलवाले. मला हे आधी विनोदी वाटायचं, मग संताप यायचा. आता वाटतं, ज्यांनी आपली जंगलं कधीच संपवली त्यांनी गयानाला फुकट राखणदारी करायला सांगणं याहून वाईट. तरी मन पूर्ण राजी होत नाही. इथलं एक टन उभं राहतं म्हणून तिथलं एक टन जाळायला मोकळीक, हा हिशेब कागदावर जुळतो. हवेत जुळतो का, याची मोजणी अजून बाकी आहे.

विक्रीतला १५ टक्के वाटा मूलनिवासी गावांसाठी ठेवला गेला. अंकलच्या गावालाही मिळाला. त्याचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते, आणि ट्रॅक्टर घ्यायचा की मुलांना शाळेत नेणारी गाडी, यावर तिथे जी भांडणं झाली त्यांचं वर्णन अंकलनी इतक्या चवीने केलं की मला आपल्याकडच्या ग्रामसभा आठवल्या. तोशाओ, म्हणजे निवडून आलेला गावप्रमुख, शेवटी सभा सोडून मासे धरायला निघून गेला होता.

"नाही, परत नाही द्यावे लागणार," मी म्हटलं. "आपोआप पडणारी झाडं हिशेबात धरलेलीच असतात. आणि देशाचा हिशेब या एका चौकोनावरून होतही नाही."

"बरं झालं. सगळ्यात महाग हेच असणार."

मावशीच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली होती. प्लॉटला भाव आला होता.

रात्री जेवायला कसाव्याची भाकरी आणि मिरची घातलेला माशांचा रस्सा. कडू कसाव्यात सायनाइड असतं. तो किसायचा, वेताच्या लांब विणलेल्या मातापी नावाच्या नळीत भरून पिळायचा, पिठाची भाकरी भाजायची. पिळलेला विषारी रसही टाकायचा नाही, तो उकळून उकळून काळा दाट कसारीप करायचा, मग त्यात मांस टिकतं. हे कुणी आणि कसं शोधून काढलं असेल, याचा विचार मी प्रत्येक घासाला करते. विषाशी या लोकांची ओळखच दांडगी. १८१२ मध्ये चार्ल्स वॉटर्टन हा इंग्रज याच बाजूला आला तो माकुशींचं बाणाला लावायचं वूराली विष मिळवायला. पुढे लंडनमध्ये त्या विषाने लुळ्या पडलेल्या गाढविणीला भात्याने श्वास देऊन वाचवून दाखवलं गेलं. अशाच बाणविषाचा, क्युरारेचा, अर्क १९४२ पासून शस्त्रक्रियेत भूल देताना स्नायू सैल करायला वापरला जाऊ लागला. वॉटर्टनला विष बनवून देणाऱ्या माकुशीचं नाव मात्र कुठे नाही. वॉटर्टनने डेमेरारात जॉन एडमन्स्टन या गुलामाला पक्षी भरायला शिकवलं. तो पुढे स्वतंत्र झाला, एडिनबरोत राहू लागला आणि तिथे त्याने हीच विद्या एका कॉलेजकुमाराला शिकवली. तो मुलगा चार्ल्स डार्विन. आत्मचरित्रात डार्विन त्याची प्रेमाने आठवण काढतो, पण नाव देत नाही.

मी हे सांगत होते आणि अंकलची पुतणी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवत ऐकत होती. "तुमच्या पहिल्या लेखात काकांचं नाव कुठे आहे?" तिने विचारलं. शेवटी, आभारांत, मी म्हटलं. "या वेळी लेखकांत. त्यांच्याशी बोलणं झालंय."

"आणि माझं?"

ही मुलगी गावाच्या वननिरीक्षण गटात आहे. उत्तर रूपुनुनीतल्या गावांनी गेल्या दशकाच्या सुरुवातीलाच मोबाईल घेऊन स्वतःचं जंगल मोजायला घेतलं. ती त्यानंतरच्या पिढीतली, तरबेज. दुसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं एका मोरा झाडावरून. मोराची आधारमुळं खोडाभोवती भिंतीसारखी उठतात आणि वर्षांगणिक वर चढतात. पहिल्या वेळी मी मुळांच्या वर अर्धा मीटर सोडून रेघ मारली होती. आता मुळं रेघेपर्यंत पोचली होती. मी म्हटलं, जुन्या रेघेवरच मोजायचं, नाहीतर तुलना कशी होणार. ती म्हणाली, "मिस, तिथे खोड नाहीच आता, मूळ आहे. तुम्ही मूळ मोजून झाड वाढलं म्हणाल." अंकल दोघींकडे पाठ करून सुपारीएवढं काहीतरी फळ न्याहाळत राहिले.

रिवाज असा आहे की अशा वेळी दोन्हीकडे मोजायचं, जुन्या जागी आणि वर नव्या जागी, म्हणजे पुढच्या माणसाला दुवा मिळतो. आम्ही शिडी लावली. ती चढली, मी खाली शिडी धरली. जुन्या रेघेचा आकडा माझ्या वहीत गेला, नव्याचा तिच्या फोनमध्ये आणि माझ्या वहीतही. मग तिने वर, स्वतःच्या हाताने, नवी रेघ ओढली. रंग ओघळला तो बोटाने पुसून पँटला लावला.

"पुढच्या वेळी तुम्ही या, नका येऊ," ती उतरता उतरता म्हणाली, "मी याला मोजणारच आहे. फक्त शिडी पाठवा. ॲल्युमिनियमची, तीन टप्प्यांची. ही वाळवीने खाल्लीय."

मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. खरेदीच्या अर्जात ती कुठल्या सदराखाली दाखवायची, हे कार्यालयात विचारावं लागेल; मागच्या वेळी शिडी 'फर्निचर'मध्ये बसत नाही म्हणून अर्ज परत आला होता.